एजंट बँकिंगची नियमावली कशी लिहावी: मसुद्यापासून देखरेखीपर्यंत

शाखा दूर असेल तर थोडेसे पैसे काढायलाही खातेदाराचा अख्खा दिवस मोडतो. मजुरी बुडते, येण्याजाण्याचे भाडे जाते आणि काढलेल्या रकमेतला मोठा वाटा त्यातच संपतो. असे खाते हळूहळू नावापुरते उरते. बँकेची अडचणही खोटी नाही. विरळ वस्तीत शाखा उघडली तरी इमारत, तिजोरी, पहारा आणि पगार यांचा खर्च ठरलेलाच असतो, व्यवहार मात्र मोजके होतात. म्हणून जगभर एजंटांची वाट निघाली. आधीपासून दुकान, टपाल कचेरी किंवा सहकारी संस्था चालवणारी व्यक्ती बँकेच्या वतीने भरणा घेते, पैसे देते आणि त्याबद्दल कमिशन मिळवते. भारतात तिला बँक मित्र किंवा व्यवसाय प्रतिनिधी म्हणतात, ब्राझीलमध्ये बँकेचा कॉरस्पाँडंट, म्हणजे प्रतिनिधीच.

जागतिक बँकेच्या फिनडेक्स पाहणीनुसार २०११ मध्ये जगातल्या ५१ टक्के प्रौढांकडे खाते होते, २०२१ मध्ये ७६ टक्के आणि २०२४ मध्ये ७९ टक्के. तरीही सुमारे १३० कोटी प्रौढ अजून खात्याविना आहेत. खाते असूनही ते वापरता येत नाही अशांचा प्रश्न त्याशिवाय आहेच. एजंटांचे जाळे या दोन्ही ठिकाणी उपयोगी पडते, पण त्याचे नियम नीट लिहिलेले असतील तरच.

असे नियम लिहिणारे नियामकाचे अधिकारी, त्यावर हरकती नोंदवणाऱ्या संस्था आणि करार तयार करणाऱ्या बँका यांच्यासाठी हा लेख आहे. मसुदे बहुतेक वेळा ‘एजंट कोणाला होऊ द्यायचे’ या प्रश्नापासून सुरू होतात. माझ्या मते त्याआधी एक प्रश्न सोडवायला हवा. खातेदाराने विश्वासाने दिलेले पैसे हरवले, तर ते त्याला कोण भरून देणार? ‘बँक’ हे उत्तर नियमात स्वच्छ उतरले की बाकीचे कितीतरी नियम सैल ठेवता येतात. ते धूसर राहिले तर पात्रतेच्या अटी कितीही कडक केल्या तरी खातेदाराला आधार मिळत नाही.

पहिला टप्पा: एका व्यवहाराचा माग काढा

मसुद्याला हात घालण्यापूर्वी एका भरण्यात आणि एका उचलीत (म्हणजे पैसे काढण्यात) पैसा नेमका कसा फिरतो ते कागदावर मांडा. हे काम साधे वाटते, पण नियमांतल्या अर्ध्या चुका ते न केल्यामुळे होतात.

एजंटचे स्वतःचे खाते बँकेत असते आणि त्यात त्याने आगाऊ रक्कम भरलेली असते. समजा, एका खातेदाराने त्याच्याकडे पाचशे रोख दिले. यंत्रावर व्यवहार पूर्ण होताच एजंटच्या खात्यातून पाचशे वजा होतात आणि खातेदाराच्या खात्यात जमा होतात. रोकड एजंटच्या गल्ल्यात जाते, ती आता त्याची स्वतःची असते. उचलीत हेच उलटे घडते. एजंट गल्ल्यातून रोख देतो आणि त्याच्या खात्यात तेवढी शिल्लक वाढते.

या रचनेचा फायदा मोठा आहे. व्यवहार पूर्ण झाल्यावर त्या रात्री एजंट पळून गेला, त्याच्या दुकानाला आग लागली किंवा गल्ला चोरीला गेला, तरी खातेदाराची ठेव बँकेत सुरक्षित राहते. एजंटकडे ठेवीदारांचे पैसे साठतच नाहीत. त्यामुळे बँकेसारखे भांडवल आणि बँकेसारखा परवाना त्याच्याकडून मागण्याची गरज नाही.

धोका उरतो तो व्यवहार यंत्रावर होण्याआधीच्या क्षणांत. ‘नेटवर्क गेले आहे, पैसे ठेवून जा, संध्याकाळी भरतो’ हे वाक्य सगळ्यात धोक्याचे. वहीत नोंद करून हाताने लिहिलेली पावती देणे हा त्याचाच दुसरा प्रकार. म्हणून या टप्प्यातून तीन नियम निघतात. प्रत्येक व्यवहार त्याच क्षणी, बँकेच्या मुख्य प्रणालीशी जोडलेल्या यंत्रावर झाला पाहिजे. यंत्रणा बंद असेल तर रोकड स्वीकारायला मनाई. आणि हाताने लिहिलेली पावती ही पावती नव्हे, हे एजंटच्या ठिकाणच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असले पाहिजे. तिसरा नियम खातेदाराला सावध करण्यासाठी आहे. त्याचा आधार घेऊन बँकेला हात झटकता येणार नाहीत हेही तिथेच लिहा.

दुसरा टप्पा: कायद्यात कुठे अडते ते शोधा

काही देशांच्या बँकिंग कायद्यात ठेवी फक्त मंजूर शाखेतच घ्याव्यात असे लिहिलेले असते. तिथे परिपत्रक काढून भागत नाही, मूळ कायदा बदलावा लागतो. केनियाने २००९ च्या वित्त कायद्यातून बँकिंग कायद्यात दुरुस्ती केली आणि मग २०१० मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेची एजंट बँकिंगची मार्गदर्शक तत्त्वे लागू झाली. युगांडात २०१६ मध्ये कायदा बदलला, २०१७ मध्ये नियम आले. भारतात मात्र रिझर्व्ह बँकेने जानेवारी २००६ मध्ये परिपत्रकानेच सुरुवात केली, कारण कायद्याची चौकट आड येत नव्हती.

कायद्यात फक्त तत्त्वे ठेवा: एजंट नेमण्याची मुभा, बँकेची जबाबदारी, नियामकाचे अधिकार. रकमेच्या मर्यादा, यंत्रांचे निकष, अहवालांचे नमुने ही सतत बदलणारी बाब नियमांत किंवा निर्देशांत जाऊ द्या. मर्यादा वाढवायला दर वेळी संसदेत जावे लागले तर ती वर्षानुवर्षे तशीच राहते आणि जाच सामान्य खातेदाराला होतो.

तिसरा टप्पा: जबाबदारीचे कलम लिहा

सगळ्या मसुद्याचा कणा हाच, म्हणून इथे वेळ द्या. माझ्या मते या कलमाची भाषा साधारण अशी असावी:

‘बँकेने नेमलेल्या एजंटने, त्याच्या नोकराने किंवा उपएजंटने बँकेच्या सेवेसंदर्भात केलेली किंवा करायची राहिलेली प्रत्येक कृती ही बँकेचीच कृती मानली जाईल. बँक आणि एजंट यांच्यातील करारात याविरुद्ध काही लिहिले असले तरी ते ग्राहकावर बंधनकारक असणार नाही.’

यातला प्रत्येक शब्द कशासाठी आहे ते पाहू. ‘नोकराने’ अशासाठी, की यंत्र पुष्कळदा मालक चालवत नाही. घरातले कोणी किंवा कामाला ठेवलेला मुलगा चालवतो, आणि गैरव्यवहार झाल्यावर करारात त्याचे नावच सापडत नाही. ‘उपएजंटने’ अशासाठी, की बँक आणि दुकान यांच्यामध्ये बहुधा जाळे सांभाळणारी एक कंपनी असते. बँक तिच्याकडे बोट दाखवते, ती दुकानाकडे, आणि खातेदार मधे लटकतो. ‘करायची राहिलेली’ अशासाठी, की पैसे घेतले पण भरलेच नाहीत हा सर्रास घडणारा प्रकार आहे. तक्रार अशा वेळी न केलेल्या कृतीबद्दल असते.

बँका एक हरकत नक्की घेतील. एजंटने करारात नसलेले काही केले, उदाहरणार्थ जास्त व्याजाच्या आमिषाने स्वतःच पैसे गोळा केले, तर त्याला बँक कशी जबाबदार? हरकतीत तथ्य आहे, पण तोल खातेदाराच्या बाजूने ठेवा. त्याला करार दिसत नाही. त्याला बँकेचे नाव लिहिलेला फलक दिसतो, बँकेचे यंत्र दिसते. ही व्यवस्था बँकेची नव्हती हे खातेदाराला माहीत होते, असे सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाका. करार संपल्यावर फलक आणि यंत्र किती दिवसांत काढून न्यायचे तेही ठरवा. ते हलवले जाईपर्यंत जबाबदारी सुटत नाही असे लिहिले, की बँका काढलेल्या एजंटच्या भिंतीवरचा फलक विसरत नाहीत.

दरोडा, आग, पूर यांत एजंटची स्वतःची रोकड जाते. ते नुकसान सोसून तो पुन्हा उभा राहू शकत नाही. विमा कोणी काढायचा आणि हप्ता कोणी भरायचा हे करारात असणे बँकेला सक्तीचे करा. लहान एजंटवर हा बोजा टाकणे अन्यायाचे आहे.

चौथा टप्पा: एजंट कोण होऊ शकतो

जबाबदारी बँकेवर पक्की बसली की हा टप्पा सोपा होतो, कारण चुकीचा माणूस निवडला तर झळ बँकेलाच बसते.

भारताचा अनुभव इथे बोलका आहे. २००६ मध्ये स्वयंसेवी संस्था, सहकारी संस्था, टपाल कचेऱ्या अशी मर्यादित यादी होती. २००९ मध्ये किराणा दुकानदार आणि सार्वजनिक दूरध्वनी केंद्रचालक अशा व्यक्तींना वाट मिळाली, २०१० मध्ये नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांना. एजंट बँकेच्या शाखेपासून ठरावीक अंतरात असावा ही अटही होती. आधी ग्रामीण भागासाठी १५ किलोमीटर, मग ३० किलोमीटर आणि २०१४ मध्ये ती अट पूर्णपणे काढली गेली. एजंटवर शाखेची नजर राहावी हा त्यामागचा हेतू चांगला होता. पण शाखा जिथे नाही तिथेच एजंट हवा असतो, हे त्या अटीत बसत नव्हते. नजर ठेवायची तर ती व्यवहारांच्या नोंदींवरून जास्त चांगली ठेवता येते.

केनियाच्या २०१० च्या तत्त्वांत उमेदवाराचा व्यवसाय किमान १८ महिने चाललेला असावा अशी अट होती. ही अट समजण्यासारखी आहे. चालू धंदा म्हणजे गल्ल्यात रोकड आणि गावात पत. पण अशी प्रत्येक अट लिहिताना ती कोणाला बाहेर ठेवते ते तपासा. दुकानाचा परवाना, जागेची मालकी, मोठी अनामत या गोष्टी अनेक ठिकाणी पुरुषांच्याच नावावर असतात. बचत गट चालवणारी, हिशोबाला पक्की असलेली बाई या अटींमुळे वगळली जाते, आणि तिच्याबरोबर तिच्याकडेच मोकळेपणाने जाणाऱ्या खातेदार बायकाही. ‘नोंदणीकृत व्यवसाय’ याऐवजी ‘नियमित उत्पन्नाचे साधन आणि स्थानिक ओळख’ असा निकष बँकेला तपासायला सांगता येतो.

आर्थिक गुन्ह्यात शिक्षा झालेली, दिवाळखोर ठरलेली किंवा दुसऱ्या बँकेने गैरव्यवहारासाठी काढलेली व्यक्ती चालणार नाही, एवढे किमान निकष मात्र पक्के असू द्या. शेवटच्या निकषासाठी सगळ्या बँकांना पाहता येईल अशी काढलेल्या एजंटांची सामाईक यादी लागते. त्या यादीत नाव टाकण्याआधी एजंटचे म्हणणे ऐकले जाईल हेही लिहा, नाहीतर कमिशनचा वाद झाला की एखाद्याची रोजी कायमची बंद होईल.

नियामकाने प्रत्येक एजंटला स्वतः मंजुरी देऊ नये. बँकेची योजना, जोखमीची व्यवस्था आणि कराराचा नमुना एकदा मंजूर करावा, पुढचे एजंट बँकेने नेमून कळवावेत. हजारो अर्जांच्या फायली तपासत बसलेल्या कार्यालयाकडून देखरेख होत नाही.

पाचवा टप्पा: कामांची यादी आणि ओळख पटवणे

भरणा, उचल, रक्कम पाठवणे, शिल्लक पाहणे, बिले भरणे, कर्जाचा हप्ता स्वीकारणे आणि खाते उघडण्याचा अर्ज घेणे एजंटला करू द्या. कर्ज मंजूर करणे, खाते मंजूर करणे किंवा गोठवणे हे निर्णय बँकेकडेच राहावेत.

खाते उघडताना ओळख पटवण्यावरून मसुदे अडतात. मनी लाँडरिंगविरोधी मानके ठरवणारी फायनान्शियल अ‍ॅक्शन टास्क फोर्स ही आंतरराष्ट्रीय संस्था एजंटला वित्तीय संस्थेचाच विस्तार मानते. म्हणजे कागद एजंटने पाहिले तरी पडताळणीची जबाबदारी बँकेचीच. हीच संस्था कमी जोखमीला सोप्या अटी लावायला परवानगी देते. या मुभेचा उपयोग देशांनी पायऱ्यांची खाती करून घेतला आहे. मेक्सिकोने २०११ मध्ये खात्यांचे चार स्तर केले. पाकिस्तानच्या शाखाविरहित बँकिंगच्या नियमांतही स्तर आहेत. खालच्या स्तरावर कागद कमी आणि शिल्लक व उलाढालीची मर्यादाही कमी, वर जाल तशी दोन्ही वाढतात.

पाकिस्तान आणि बांगलादेशातून आणखी एक धडा घेण्यासारखा आहे. तिथे बरेच लोक स्वतःचे खाते न उघडता एजंटला रोख देत आणि तो आपल्या खात्यातून पुढे पाठवी. पैसे पोहोचत, पण पाठवणाऱ्याच्या नावावर ना बचत जमे, ना व्यवहारांचा इतिहास, आणि पैसा खरा कोणाचा हे बँकेला कळत नसे. ही पद्धत एका फटक्यात बंद केली तर गरजूंची सोयच जाते. आधी पहिल्या स्तराचे खाते जागच्या जागी उघडण्याइतके सोपे करा, मग ती आवळत न्या.

सहावा टप्पा: रकमेच्या मर्यादा

मर्यादा दोन ठिकाणी लागतात, खातेदारावर आणि एजंटवर. नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेने डिसेंबर २०२४ मध्ये एजंटकडून रोख काढण्याची मर्यादा प्रति ग्राहक दररोज १ लाख नायरा आणि प्रति एजंट दररोज १२ लाख नायरा अशी ठरवली. आकडा प्रत्येक देशाचा वेगळा असेल. तपासायची गोष्ट एकच: सरकारी अनुदान, पेन्शन किंवा हंगामाच्या मालाची रक्कम त्या भागातल्या माणसाला एका फेरीत काढता येते का. येत नसेल तर एजंट जवळ असूनही त्याला दोन-तीन खेपा पडतात.

सातवा टप्पा: एजंटचे पोट

मसुद्यांत हा विषय सगळ्यात दुर्लक्षित असतो, आणि जाळी मोडतात ती बहुतेक इथेच.

एजंटचा खर्च दिसतो त्यापेक्षा जास्त आहे. आगाऊ भरलेल्या रकमेवरचे व्याज, रोकड आणायला शाखेपर्यंतचा प्रवास आणि वाटेतला धोका, यंत्र, वीज, कागद, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे आपला धंदा बाजूला ठेवून दिलेला वेळ. अनुदान जमा होण्याच्या दिवसांत सगळेच पैसे काढायला येतात. दुपारपर्यंत एजंटच्या खात्यात शिल्लक भरपूर जमते आणि गल्ला रिकामा होतो. मग तो लोकांना परत पाठवतो. खातेदाराच्या दृष्टीने त्या दिवशी बँक बंदच असते.

म्हणून नियमांत रोकड फिरवण्याची सोय हवी. एजंटला कोणत्याही जवळच्या शाखेत किंवा दुसऱ्या मोठ्या एजंटकडे रोकड आणि शिल्लक यांची अदलाबदल करता यावी. बँकेने एजंटला अल्पमुदतीचे कर्ज द्यायला आडकाठी नसावी, मात्र त्याची मर्यादा ठरलेली असावी. अनुदान एकाच दिवशी सगळ्यांना सोडण्याऐवजी विभागून सोडावे अशी विनंती नियामकाने सरकारी खात्यांना करावी. हे नियमावलीत येणार नाही, पण त्यासाठी एक पत्र पुरते.

आता शुल्क. भारतात २००६ मध्ये बँकांना या सेवेसाठी ग्राहकाकडून शुल्क घ्यायला मनाई होती. २००९ मध्ये वाजवी आकार घेण्याची मुभा दिली गेली. पहिला नियम गरिबांच्या कळवळ्यातून आला होता हे उघड आहे. पण बँकेला त्या व्यवहारातून काही मिळत नसेल तर ती एजंटला कमिशन कमी देते, आणि मग एजंट एक तर बंद करतो किंवा खातेदाराकडून गुपचूप वरचे पैसे घेतो. लपवलेले शुल्क उघड शुल्कापेक्षा नेहमीच महाग पडते, कारण त्याला दर नसतो आणि तक्रार करायला पावती नसते. एजंटने स्वतः जादा आकार घेण्यास कडक मनाई हवीच. तिच्या जोडीला बँकांकडून दर तिमाहीला कमिशनचे दर आणि एजंटांची सरासरी कमाई मागवा. कमाई तळाला गेलेल्या भागात छुपी वसुली सुरू झालेली असणार, असे गृहीत धरून तिथे आधी तपासणी पाठवा.

कराचा विचार अर्थ खात्याबरोबर आधीच करा. युगांडाने जुलै २०१८ मध्ये मोबाईलवरून होणाऱ्या पैशांच्या व्यवहारांवर १ टक्का कर लावला आणि काही महिन्यांतच तो कमी करून ०.५ टक्क्यावर, फक्त पैसे काढण्यापुरता, आणावा लागला. घानाने २०२२ मध्ये १.५ टक्का आकारणी आणली, पुढे ती १ टक्क्यावर आली आणि २०२५ मध्ये रद्द झाली. छोट्या रकमांचे व्यवहार करणारा माणूस असा कर लागताच पुन्हा रोखीकडे वळतो.

आठवा टप्पा: एजंट एकाच बँकेचा की सगळ्यांचा

पहिली मोठी बँक किंवा दूरसंचार कंपनी खर्च करून जाळे उभारते आणि एजंटला दुसऱ्या कोणाचे काम न करण्याची अट घालते. तिची बाजू समजू शकते. पण लहान वस्तीत एकच दुकान असते, आणि ते एका कंपनीला बांधले गेले तर बाकीच्या बँकांच्या खातेदारांना तिथे काहीच नाही. केनियाच्या २०१० च्या तत्त्वांनी बँकांना अशी अट घालायला मनाई केली. तिथल्या मोबाईल पैशांच्या बाजारात मात्र अशा अटी चालू राहिल्या आणि २०१४ मध्ये स्पर्धा प्राधिकरणाच्या हस्तक्षेपानंतर सफारीकॉम या दूरसंचार कंपनीने आपले एजंट प्रतिस्पर्धी कंपन्यांना खुले केले. जाळे पसरल्यावर दार उघडणे जड जाते, म्हणून ही मनाई पहिल्या दिवसापासून असावी.

यात एक खरी गुंतागुंत आहे. एक दुकान पाच बँकांचे काम करत असेल तर त्याच्यावर नजर कोण ठेवणार? व्यवहार सगळ्यांचे, पण पालक बँक एकच, हा तोडगा मला सगळ्यात पटतो. प्रशिक्षण, तपासणी आणि एजंटच्या वागण्याची जबाबदारी पालक बँकेवर. दुसऱ्या बँकेचे खातेदार सामाईक यंत्रणेतून तिथेच पैसे काढू शकतात आणि त्यांच्या बँकेने पालक बँकेला ठरलेला आकार द्यायचा. भारताने २०१२ मध्ये साधारण अशीच परवानगी दिली. युगांडात बँकांच्या संघटनेने २०१८ मध्ये सामाईक एजंट यंत्रणा उभारली, त्यामुळे लहान बँकांनाही स्वतःचे जाळे न बांधता सेवा देता येऊ लागली.

नववा टप्पा: खातेदाराचे संरक्षण

फलकावर बँकेचे नाव, एजंटचा क्रमांक, शुल्काचे दर आणि तक्रारीचा मोफत फोन क्रमांक, हे सगळे लोकांच्या भाषेत हवे. पण ज्याला वाचता येत नाही त्याचा विचार इथे संपत नाही. तो गुप्त क्रमांक एजंटलाच सांगतो. अंगठ्याने चालणाऱ्या यंत्रावर ‘नीट लागला नाही, पुन्हा लावा’ असे सांगून दोनदा अंगठा घेतला जातो आणि दुसऱ्यांदा पैसे निघतात. यंत्राने रक्कम मोठ्याने बोलून दाखवावी, अंगठा नाकारला गेला तर त्याचीही छापील पावती निघावी आणि प्रत्येक व्यवहाराचा संदेश खातेदाराच्या फोनवर जावा, असे तांत्रिक निकष नियमांतच घाला.

व्यवहार अर्धवट राहिला, खात्यातून रक्कम गेली पण हातात आली नाही, तर खातेदाराने अर्ज करण्याची वाट न पाहता ती परत जमा व्हायला हवी. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये एटीएमच्या फसलेल्या व्यवहारांसाठी ५ दिवसांची मुदत आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई ठरवली. मुदत आणि भरपाई असा जोड नियम एजंटच्या व्यवहारांनाही लागू करा. नुसती मुदत पाळली जात नाही.

तक्रार त्याच एजंटमार्फत नोंदवावी लागू नये. लहान वस्तीत त्याच्याशी रोजचा संबंध असतो, उधारीही असते, आणि त्याच्यासमोर त्याच्याविरुद्ध कोणी बोलत नाही.

दहावा टप्पा: देखरेख

देशभरातल्या एजंटांची एक नोंदवही ठेवा: क्रमांक, नकाशावरची जागा, पालक बँक, सुरू की बंद, महिन्याचे व्यवहार, फसलेले व्यवहार, तक्रारी. एजंटांच्या संख्येवर समाधान मानू नका. संख्या फुगवायला बँकांना वेळ लागत नाही. ‘सुरू’ म्हणजे काय याची व्याख्या करा. भारतात २०१७ मध्ये बँकिंग केंद्राची व्याख्या ठरली, त्यात दिवसाला किमान ४ तास आणि आठवड्यातून किमान ५ दिवस सेवा ही अट आहे. आधारवर चालणाऱ्या व्यवहारांच्या केंद्रचालकांसाठी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने आणखी एक नियम केला: केंद्र सलग ३ महिने निष्क्रिय राहिले तर पुन्हा सुरू करण्याआधी चालकाची ओळख नव्याने तपासायची. बंद पडलेले यंत्र भलत्याच हातात जाते, म्हणून हा नियम मोलाचा आहे.

नियामकाने तपासायची ती बँकेची देखरेख. एजंटची चूक बँकेला कधी कळली, कशी कळली, तिने काय केले, हे फायलींत पाहा. रात्री अवेळी झालेल्या उचली, एकाच खात्यावर काही मिनिटांत दोन अंगठे, एकाच यंत्रावरून ओळीने उघडलेली खाती अशा खुणा बँकेच्या प्रणालीने स्वतः पकडल्या पाहिजेत. दंड बँकेला करा, आणि तो पायरीपायरीने वाढवा: ताकीद, दंड, नवे एजंट नेमायला बंदी. सरसकट सगळे एजंट बंद करण्याचा आदेश शेवटचा उपाय म्हणूनच वापरा, कारण त्याची शिक्षा खातेदारांना भोगावी लागते.

अकरावा टप्पा: चाचणी आणि फेरविचार

सगळे नियम पक्के होईपर्यंत थांबण्याची गरज नसते. मार्च २००७ मध्ये एम-पेसा ही सफारीकॉमची मोबाईलवरून पैसे पाठवण्याची सेवा सुरू झाली तेव्हा केनियात त्यासाठी वेगळी नियमावली नव्हती. मध्यवर्ती बँकेने ना-हरकत पत्र दिले, लक्ष ठेवले आणि नियम पुढे आणले. दोन-तीन जिल्ह्यांत, ठरावीक मुदतीसाठी, मर्यादा कमी ठेवून अशी चाचणी घेता येते. मसुद्यावर हरकती मागवताना तो फक्त संकेतस्थळावर टाकू नका. एजंटांना आणि खातेदारांना, विशेषतः बायकांना, एकत्र बसवून वाचून दाखवा. ‘अंगठा पुन्हा लावा’ सारखी फसवणूक अशा बैठकीतच कळते.

दोन वर्षांनी फेरविचार बंधनकारक ठेवा. त्या वेळी किती खाती उघडली याआधी हे विचारा: सगळ्यात दूरच्या वस्तीतल्या माणसाला रोकड मिळायला किती वेळ लागतो, किती वेळा तो रिकाम्या हाताने परत जातो आणि हरवलेले पैसे परत मिळायला किती दिवस लागतात. त्यासाठी नोंदवहीतून चिठ्ठ्या टाकून पन्नास एजंट निवडा. ओळख न देता अनुदानाच्या आठवड्यात तिथे जा, थोडीशी रक्कम काढा, पावती मागा, आणि फलकावरच्या क्रमांकावर फोन लावून पाहा.